धूर कोणाच्या अंगणी?

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या कुटुंबांतून वारंवार निघू लागला आहे. आरंभी तो मुंबईकरांचा प्रश्न होता. आता वसईपासून डहाणूपर्यंतच्या गावागावांतून, रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या मंडळींतही तो ऐकू येतो. चर्चेचा सूर बहुधा एकच असतो : परवडते का? 'परवडणे' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. तो खिशाशी बोलतो आणि तेथेच थांबतो. आमच्या मते या प्रश्नाला खिशापलीकडची एक बाजू आहे. परंतु तिच्याकडे जाण्यापूर्वी खिशाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. हिशेब टाळून केलेल्या नीतीच्या गोष्टी ऐकणाऱ्याला कंटाळवाण्या वाटतात, आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नसतो.

चिंचणीत राहणारे आणि बोईसरला नोकरीस जाणारे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. बोईसर स्थानक दहा-बारा किलोमीटरवर. जाऊन येऊन, वाटेत बाजार धरून, दिवसाला पंचवीस किलोमीटर. लहान विजेच्या गाडीची बॅटरी साधारण तीस युनिटची असते आणि ती एकदा भरली की गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर दोनशे किलोमीटरच्या आसपास चालते. जाहिरातीतला आकडा याहून पुष्कळ मोठा असतो. वातानुकूलन, चढण आणि पाठीमागे बसलेली माणसे त्याला खाली आणतात. म्हणजे दिवसाला चार युनिट आणि महिन्याला शंभर. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते, त्यामुळे हे शंभर युनिट नेमके वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात. तरीही युनिटला पंधरा रुपये धरले तर महिन्याचे दीड हजार झाले. तेवढ्याच प्रवासाला पेट्रोलच्या गाडीत चाळीस लिटर लागेल आणि लिटरचा भाव शंभरी ओलांडून गेलेला आहे. बचत खरी आहे. मात्र गाडीची मूळ किंमत काही लाखांनी अधिक असते, आणि बॅटरीची हमी संपल्यावर काय, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मोकळ्या रकान्यासारखा राहतो. रोज पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याला ही भरपाई व्हायला बरीच वर्षे लागतात. रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्याला ती लवकर होते.

सोयीचेही तसेच. रात्री गाडी पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली की दहा तासांत भरते. आठवड्यातून एकदा भरली तरी पुरते. पेट्रोल पंपाची फेरी वाचते, इंजिनाचे तेल बदलणे वाचते. मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत यायचे झाले की मात्र दोनशे तीस किलोमीटरचा हिशेब करावा लागतो. महामार्गावर हॉटेलांच्या आवारांत जलद चार्जिंगची यंत्रे आता दिसू लागली आहेत. तासाभरात बॅटरी बरीचशी भरते, मात्र यंत्र चालू असले आणि पुढे कोणी उभा नसला तर. जव्हारचा घाट चढताना काट्याकडे पाहून जीव वरखाली होतो, उतरताना तीच गाडी ब्रेकमधून थोडी वीज परत मिळवते. हे सारे अंगवळणी पडते. माणूस बैलगाडीलाही सरावला होता.

खरी परीक्षा किनाऱ्याच्या हवेची आणि घराच्या तारांची. खारे वारे लोखंडाला खातात तसे सॉकेटच्या पितळी टोकांनाही खातात. जुन्या घरांतून अर्थिंग नावापुरते असते, आणि ते कमकुवत असले की गाडीचा चार्जर वीज घ्यायलाच नकार देतो. मग वायरमनला बोलवायचे, खड्डा खणून कोळसा-मीठ घालून पट्टी पुरायची. ज्या घरात आजवर पंखा आणि मिक्सर याहून अधिक कशाचा विचार झाला नव्हता, तेथे एक गाडी येऊन सबंध घराची वायरिंग बदलायला लावते. पावसाळ्यात वीज जाते, कधी तास तर कधी दिवस. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले, त्यानंतरच्या अंधाऱ्या रात्री पुष्कळांच्या स्मरणात असतील. काही नव्या गाड्यांतून वीज उलट बाहेरही काढता येते. तीस युनिटमध्ये एका घराचे दिवे आणि पंखे तीन-चार दिवस सहज चालतील. अशा एखाद्या रात्री सबंध आळीत एकच घर उजळलेले असेल, आणि शेजारी दम्याचे यंत्र बंद पडलेले कोणी वृद्ध असेल. त्या रात्री कुंपणावरून एक वायर टाकली जाईल की नाही, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते.

येथेच आम्हांला हिशेबातून बाहेर पडावेसे वाटते. वर मांडलेली सारी सोय नीट पाहिली तर ध्यानात येते की ती गाडीत नाहीच. ती भिंतीत आहे. ज्याला स्वतःची भिंत, भिंतीला लागून गाडीपुरती जागा आणि स्वतःच्या नावाचा मीटर आहे, त्याच्यासाठी ही गाडी व्यवहार्य आहे. बोईसरच्या चाळीत भाड्याने राहणारा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार आपली विजेची स्कूटर कोठे लावील? मालकाच्या मीटरवर? तिसऱ्या मजल्यावरून सोडलेल्या वायरीने? रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्या रिक्षावाल्याला तर हे वाहन आपल्यापैकी कोणाहूनही अधिक फायद्याचे. परंतु रात्री त्याची रिक्षा उघड्या नाक्यावर उभी असते. ज्याला बचतीची सर्वांत अधिक गरज, त्याच्यापाशी सॉकेट नाही.

आणि ही सोय केवळ आपल्या पैशाने विकत घेतलेली नाही. विजेच्या वाहनांवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने मोटार वाहन करात माफी दिली, २०२५ च्या धोरणाने सवलती पुढे चालू ठेवल्या. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे या गाड्यांना टोलमाफी मिळाली. या सवलती अयोग्य आहेत असे आम्ही म्हणत नाही. नव्या गोष्टीला आरंभी आधार लागतो. परंतु त्याच वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, एस.टी.चे भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले होते. मासळीची पाटी घेऊन पहाटे स्थानकाकडे निघणारी बाई ते भाडे देते. सरकारी तिजोरीत तिचाही पैसा आहे. आपल्या माफ झालेल्या टोलमध्ये तिचा वाटा किती, हे काढता येण्याजोगे नाही, पण तो आहे. विजेच्या बसचे नाव राज्यात निघाले नाही असेही नाही : १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची 'शिवाई' धावू लागली. १९४८ साली त्याच दिवशी, त्याच मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली होती. आपल्या खाडीपट्ट्यातल्या थांब्यावर तशी बस कधी उभी राहील याची चौकशी आपण किती जणांनी केली? मोटारीच्या दुकानात मात्र आपण तीन फेऱ्या मारतो.

आता धुराकडे वळू. या गाडीची नंबरपाटी हिरवी असते. सरकारने ती ओळखीसाठी दिली; लोकांनी तिला प्रशस्तिपत्र मानले. हिरव्या पाटीचा मालक थोडा ताठ चालतो आणि पेट्रोलवाल्याकडे, विडी सोडलेला माणूस विडी ओढणाऱ्याकडे पाहतो तसा पाहतो. चिंचणीत राहून अशी ऐट मिरविणे थोडे अवघड जावे, कारण वीज कोठून येते हे या गावाला विचारावे लागत नाही. दक्षिणेला, तारापूरच्या पलीकडे, अणुविद्युत केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज दिली. ५४० मेगावॉटच्या आणखी दोन २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या. उत्तरेला डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास उभे राहिले. त्याची चिमणी पावणेतीनशे मीटर उंच आहे आणि त्याची वीज प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांना गेली. अणुकेंद्राला धूर नाही, हे खरे; पण त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी पुढे अनेक वर्षे न्यायालयात चालली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी जवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि मच्छीमारांच्या मनात तीच जुनी भीती पुन्हा उभी राहिली. दुसऱ्यांच्या सोयीसाठी जागा देण्याची या किनाऱ्याला सवय लावण्यात आली आहे.

तारेतून आलेल्या विजेला गावाचे नाव नसते. आपल्या सॉकेटमध्ये आलेली वीज अणूची, कोळशाची की सूर्याची, हे कोणी सांगू शकत नाही. देशाचा विचार केला तर सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशापासून होते, आणि सरासरी एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. लहान गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरमागे शंभर ते सव्वाशे ग्रॅम. तेवढ्याच पेट्रोल गाडीचा धूर किलोमीटरमागे दीडशे ग्रॅमच्या जवळ जातो. फरक आहे, आणि सूर्याची वीज वाढेल तसा तो वाढत जाईल. मात्र ज्याला आपण 'शून्य' म्हणतो ते शून्य नव्हे. आपल्या गल्लीतला धूर थांबला, त्यातला बराचसा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात उतरला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मग काय, पेट्रोलचीच गाडी चालवावी? पूर्णपणे निर्दोष वस्तू मिळेपर्यंत थांबायचे म्हटले तर माणसाला चप्पलही घालता येणार नाही. हे आम्हांला मान्य आहे. दोष शोधत बसून काहीच न करणे हा आळसाचाच एक सोवळा प्रकार आहे. शिवाय पेट्रोलचा धूर शाळेच्या फाटकापाशी, सात वर्षांच्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. तो तेथून गेला तर ते चांगलेच झाले. आमचे म्हणणे एवढेच की धूर हलविला म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे; तिचा पत्ता बदलला.

पत्ता बदलण्यात एक लाभही आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. हजारो गाड्यांच्या हजारो नळ्यांना जाब विचारणे अशक्यप्राय. एका चिमणीला तो विचारता येतो. डहाणूच्या काही बागायतदारांनी आणि पर्यावरणप्रेमींनी तो विचारला. कोळशाच्या गंधकाने चिकूच्या बागा आणि माणसांच्या छात्या बिघडतील ही त्यांची चिंता होती. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याची धुरा दोन दशकांहून अधिक काळ वाहिली. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव. वडिलांकडून आलेला गांधीविचार त्यांनी न्यायासनावरही सोडला नव्हता. औष्णिक केंद्राने धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी, हा आग्रह प्राधिकरणाने सोडला नाही. पुष्कळ टाळाटाळीनंतर २००७ साली समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ती यंत्रणा सुरू झाली. कर्बवायू त्याने थांबत नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण जे थांबू शकत होते, ते काही माणसांच्या चिकाटीमुळे थांबले. त्यांच्यापैकी कोणी विजेची मोटार चालवीत नव्हते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक धुण्याच्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली. ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर आली आणि गेली. चंद्रपूरच्या किंवा छत्तीसगढच्या एखाद्या गावात त्या धुराखाली जे राहतात, त्यांनी ती वाचली असेल. हिरव्या पाटीच्या मालकांनी वाचली का? आम्हांला वाटते, वाचण्याचे पहिले कर्तव्य त्यांचे होते. विजेची गाडी घेणारा माणूस त्या चिमणीचा भागीदार होतो. पेट्रोलवाल्याला आपला धूर आरशात दिसतो. याला दिसत नाही, म्हणून त्याने तो मुद्दाम शोधला पाहिजे. शास्त्र्याने येशूला शेजाऱ्याविषयी प्रश्न विचारला तेव्हा त्याला घरांची यादी हवी होती. उत्तरात त्याला रस्त्यावरचा एक परका जखमी माणूस मिळाला. विजेच्या तारेने जोडला गेलेला कोळशाच्या गावचा माणूस या यादीत बसतो की नाही?

बॅटरीच्या धातूंचा विषय येथे ओझरता काढतो. जगातले निम्म्याहून कितीतरी अधिक कोबाल्ट काँगोतून येते, आणि तेथील काही खाणींत मुले राबतात. पोप फ्रान्सिस २०२३ च्या आरंभी किन्शासाला गेले तेव्हा आफ्रिकेच्या खनिजांच्या लुटीविषयी ते स्पष्ट बोलले होते. आता आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत कोबाल्ट नसलेल्या, लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या येतात. दुकानदाराला हा एक प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही. रंग कोणता, हे आपण विचारतोच. पोप महाशयांना डिसेंबर २०२४ मध्ये पूर्णपणे विजेवर चालणारी मोटार मिळाली, हा दाखलाही आमच्या एका मित्राने मोठ्या उत्साहाने दिला. दाखला उत्तम आहे. फक्त व्हॅटिकनचा सारा प्रदेश अर्ध्या चौरस किलोमीटरहून लहान आहे, आणि तेथे जव्हारचा घाट नाही.

चिंचणीच्या मातीत १९५० च्या दशकात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावेळी संजाणचा हा प्रदेश मधुमती सुगतिप नावाच्या अरब अधिकाऱ्याच्या हाती होता, आणि त्याच्या अनुमतीने एका मठिकेला दिलेल्या दानाची ही नोंद आहे. या सुगतिपाची जी कृत्ये ताम्रपटात सांगितली आहेत, त्यांत दोन प्रवाहांवर त्याने विनामूल्य नाव सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र उघडले, असे आहे. तेथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. एक हजार शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाजवळ स्वतःपुरती उत्तम नाव खचितच असेल. तिची नोंद कोणी तांब्यावर कोरली नाही. या किनाऱ्यावर प्रवासाची सोय ही दान देण्याची वस्तू होती, अन्नाच्या शेजारी मांडण्याजोगी, ही कल्पना आम्हांला विलक्षण वाटते. दान देणारा एका धर्माचा, ज्यांची नोंद झाली ते दुसऱ्या धर्माचे, आणि नावेत बसणारे कोण, हे ताम्रपटाने विचारलेलेही नाही.

आज तशी नाव कोणती? आमच्यापुरती एक लहानशी सूचना आहे, आणि ती धर्मग्रामांच्या मंडळांपुढे ठेवावी असे वाटते. बहुतेक चर्चच्या आवारात भिंत आहे, जागा आहे आणि मीटर आहे. म्हणजे ज्याच्यावाचून रिक्षावाला आणि भाडेकरू अडतात ते सारे आहे. रविवार सोडला तर ते आवार रात्रभर रिकामे असते. वेगळा मीटर घेऊन तेथे दोन-तीन सॉकेट बसविता येतात. वाहनांच्या चार्जिंगसाठी वीज कंपनी स्वतंत्र जोडणी देते. अर्थिंग एकदा नीट केले की सर्वांचे होते. ज्याने जितके युनिट घेतले त्याने तितके पैसे द्यायचे, आणि ज्या दोन-चार घरांत हिरव्या पाटीच्या गाड्या आहेत त्यांनी आपल्या पेट्रोलच्या बचतीतून पहिला खर्च उचलायचा. आवारात येणारा रिक्षावाला आपल्याच धर्मग्रामाचा असेल असे नाही. बोईसरच्या बाजूला तर तो बहुधा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असेल, तारापूरच्या पाळीवरून सुटून रात्री रिक्षा चालविणारा.

एका ठिकाणी ही सूचना आम्ही बोलून पाहिली. कोणी विरोध केला नाही. विमा, आग, वायरीची चोरी, बिल थकले तर काय, या सर्व शंका योग्यच होत्या आणि त्यांची उत्तरेही तेथल्या तेथे निघाली. शेवटी गाडी अडली ती फाटकापाशी. रिक्षा रात्री अकराला लागणार आणि पहाटे चारला, पहिल्या लोकलच्या उतारूंसाठी, निघणार. त्या वेळी कुलूप उघडायला कोणी उठायचे, यावर अजून बोलणे चालू आहे.